किडा चितारावा की मारावा?

आकाशकंदील लागला, उंबऱ्यापाशी पणत्या मांडल्या, की आपल्याकडे सर्वांत आधी जे पाहुणे येतात ते न बोलावता येतात. हिरवे तुडतुडे येतात, करडे पतंग येतात, पंख फुटलेल्या मुंग्या येतात. फराळाचे ताट झाकून ठेवावे लागते, पणतीतल्या तेलात पडलेला एखादा जीव काडीने बाजूला काढावा लागतो. दिवाळीच्या आनंदात त्यांची दखल कोणी घेत नाही. पण आपल्या पूर्वजांनी ती घेतली होती, आणि चांगली बारकाईने घेतली होती. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. त्यांत पृथ्वी आहे, सागर आहे, सूर्य-चंद्र आहेत, आणि त्यांच्याच पंगतीला पतंग, मधमाशी, कोळी आणि मातीचे घर बांधणारी कुंभारीण आहे. सूर्याच्या मांडीला मांडी लावून माशीला बसवणारी ही दृष्टी मला फार दिवस मोह घालीत आली आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या रनाळ्याचा. मुलांना चित्रकला शिकवण्यात माझी उमर गेली. गावाभोवती काळी जमीन, त्या जमिनीत कापूस, आणि कापसावर किडी. तेव्हा मुलांना पाने-फुले, मोर-पोपट काढायला सांगून कंटाळलो, की मी त्यांना किडे काढायला लावी. एकदा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "गुरुजी, अळीने आमचे घर बुडवले, आणि तुम्ही पोरांना तिचीच चित्रे काढायला लावता?" ते २०१७ साल होते. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कापसाची जी नासाडी केली ती कोणा शेतकऱ्याला सांगायला नको. बाहेरून बोंड धडधाकट दिसे, फोडले की आत किडकी सरकी आणि पिवळा पडलेला कापूस निघे. त्या गृहस्थांचा प्रश्न रागाचा नव्हता, दुःखाचा होता. म्हणून तो टाळता येण्यासारखा नव्हता. किडा ही चितारण्याची वस्तू आहे की मारण्याची? या एका प्रश्नापायी मी जुन्या पोथ्या, उत्खननांचे अहवाल आणि देवळे धुंडाळत राहिलो. त्यातून जे हाती आले ते आज वाचकांपुढे मांडतो आहे.

प्रथमच एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्राचीनांनी किड्याला पूज्य मानले म्हणजे त्यांना किडीचा उपद्रव ठाऊक नव्हता, असे मुळीच नाही. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात पिकावर पडणाऱ्या किडींना आणि उंदरांना मारण्याची प्रार्थना करणारे एक सूक्त आहे. आमचे सातू खाऊ नका, त्यांची तोंडे बांधली जावोत, असा त्याचा रोख आहे. पुढच्या काळात राज्यावर येणाऱ्या संकटांची जी 'ईती' नावाची यादी झाली, तिच्यात अतिवृष्टी आणि अनावृष्टी यांच्या शेजारी टोळ बसले आहेत. ही टोळधाड काही पोथीतच राहिली नाही. २०२० च्या मे महिन्यात ती अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत येऊन गेली. म्हणजे शेतकऱ्याचे दुःख वेदाइतके जुने आहे. पण मौजेची गोष्ट अशी, की त्याच अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाखेचे एक संपूर्ण स्तुतिसूक्त आहे. तुझी आई रात्र, बाप आकाश, आजा अर्यमा, असे तिचे कुळ सांगितले आहे. पिंपळ, वड, खैर, धावडा, पळस या झाडांवरून तू निघतेस. काठीचा, बाणाचा घाव तू भरून काढतेस, असे तिचे गुण गायिले आहेत. एकाच वेदाने एका किड्याला मारले आणि दुसऱ्याचे पोवाडे गायिले. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. जुन्या माणसाने किड्यांची सरसकट पूजाही केली नाही आणि सरसकट हत्याही केली नाही. त्याने आधी ओळख करून घेतली.

ही ओळख किती जवळची होती ते पाहायचे असेल तर मृगाच्या किड्यापासून सुरुवात करावी. मृग नक्षत्र लागले, पहिला पाऊस पडून गेला, की आमच्या काळ्या रानात मखमलीचे लाल थेंब चालू लागतात. मुले ते तळहातावर घेतात, आगपेटीत कापूस घालून ठेवतात. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने याला आठ पाय, म्हणून हा कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतातला. पण लोकांनी त्याला किडा म्हटले आणि संस्कृताने त्याला 'इंद्रगोप' असे राजस नाव दिले, म्हणजे ज्याचा राखणदार प्रत्यक्ष पावसाचा देव. बृहदारण्यक उपनिषदात पुरुषाचे रूप कसे, हे सांगताना उपमांची एक रांग येते: केशरी रंगाचे वस्त्र, पांढरी लोकर, इंद्रगोप, अग्नीची ज्योत, पांढरे कमळ आणि क्षणात चमकून जाणारी वीज. जे शब्दांत सापडत नाही ते दाखवायला ऋषीने बोट केले ते ज्योतीकडे, विजेकडे आणि त्यांच्याच बरोबर या बोटभर चालणाऱ्या किड्याकडे!

वाल्मीकीने तर त्याचे चित्रच काढले आहे. किष्किंधाकांडातल्या वर्षावर्णनात कोवळ्या हिरवळीवर इंद्रगोप विखुरले आहेत आणि धरती कशी दिसते आहे? पोपटी रंगाच्या, लाखेचे ठिपके शिंपडलेल्या कांबळ्यात गुरफटलेल्या स्त्रीसारखी. एका किड्याचा रंग सांगायला कवीने दुसऱ्या किड्याचा रंग वापरला. कारण लाख म्हणजे तरी काय? पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे चिकटून बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच करतात. मादी तर एकदा बसली की जन्मभर तिथून हलत नाही. फांदीवर जमलेली ती खरबरीत, तांबूस पुटे खरवडली की लाख मिळते आणि ती धुतली की तिच्यातून रंग निघतो. पायांना लावायचा अळिता पूर्वी याच रंगाचा असे.

लाखेचे आपल्या घराशी असलेले नाते आपण विसरून गेलो आहो. लक्ष्मीपूजनाला घरातल्या बायका जी बोरमाळ घालतात, तिच्यातले सोन्याचे मणी बहुधा आतून भरीव सोन्याचे नसतात. वर पातळ पत्रा आणि आत लाख असते. ती नसती तर बोराएवढा मणी चिमटीत दाबला गेला असता, आणि ती आहे म्हणूनच मध्यम स्थितीतल्या घरालाही बोरमाळ घेता आली. सावंतवाडीची लाकडी फळे, पाट, गंजिफा यांच्या रंगाची चकाकी जुन्या रीतीत लाखेनेच राखली. जुन्या पत्रांवरची मोहोर लाखेची. आणि ग्रामोफोनच्या त्या काळ्या, जड, पडली की फुटणाऱ्या तबकड्या? त्याही लाखेच्याच, दगडाची भुकटी मिसळून केलेल्या. बालगंधर्वांचा आवाज १९६७ नंतरही ज्या तबकड्यांनी घराघरांत राखला, तो आवाज शेवटी एका किड्याच्या कवचात कोरून ठेवलेला होता, हे ध्यानात आले की मन क्षणभर थांबते.

पण किड्याचे देणे नेहमीच सुखाचे असते असेही नाही. अजिंठ्याची भित्तिचित्रे पाहायला गेलेल्याला काही ठिकाणी चित्रांवर पिवळट-काळपट झाक दिसते. तिच्यामागे एक सद्हेतूची शोकांतिका आहे. १९२० नंतर निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या डागडुजीसाठी आणले. त्यांनी सुटणारे पोपडे बसवले, ते मोठे काम झाले. पण चित्रांवर लाखेचे रोगणही दिले. काळ गेला तसे ते रोगण पिवळे पडले, धूळ-काजळी धरू लागले आणि त्याच्याखाली मूळचे रंग बुडाले. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते पुढे कणाकणाने उतरवत बसावे लागले. उलट चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यातला भुसा आणि तंतू किड्यांनीच खाऊन पोकळ केले. तिथे किड्याने आतून चित्र पोखरले आणि माणसाने किड्याचे रोगण लावून ते वरून झाकले. दोष लाखेचा नव्हता. कोणती वस्तू कुठे वापरायची, याची जाण अपुरी पडली.

देवघरातल्या मूर्तीकडे पाहा. पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, लक्ष्मी. या मूर्ती ओतण्याची जुनी रीत बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' या ग्रंथात लिहून ठेवली आहे. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, ते वाळवायचे, मेणाच्या वजनावरून धातू किती लागेल ते ठरवायचे, मग साचा तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. मधमाशीच्या मेणात बोटांचे सर्व कौशल्य उतरते आणि मग ते मेण निघून जाते. आपण नमस्कार करतो तो धातूला.

आता रेशमाची गोष्ट. ती मला सर्वांत हृद्य वाटते, कारण तिच्यात इतिहास आणि काव्य एकाच गावात भेटतात. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तिथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. हसमुख सांकळिया यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातल्या, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत एका लहान मुलाचे दफन सापडले. त्या मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते. ते डॉ. गुलाटी यांनी तपासले आणि १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोरा रेशमाचा, कापसाच्या तंतूंबरोबर कातलेला. विचार करा. त्या काळचे घर कुडाचे, चूल मातीची, हत्यारे बरीचशी दगडाची. आणि एका आईबापांनी आपल्या गेलेल्या लेकराच्या गळ्यात तांब्याचे मणी घातले, ते रेशमाच्या दोऱ्यात ओवून. त्या घरात ही वस्तू दुर्मीळ असणार. किड्याच्या धाग्याने महाराष्ट्राच्या मातीत केलेले हे पहिले माहीत असलेले काम आहे, आणि ते मायेचे आहे.

त्याच नेवाशात शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. तिच्या सहाव्या अध्यायात माणूस आपणच आपला मित्र आणि आपणच आपला शत्रू कसा, हे समजावताना ज्ञानेश्वर कोशातल्या किड्याचा दाखला देतात: तो आपल्याच तोंडच्या धाग्याने स्वतःला कोंडून घेतो. आणि पहिल्याच अध्यायात अर्जुनाचे मन स्वजनांना पाहून कसे गळाले ते सांगायला भुंगा येतो. कसलेही कोरडे लाकूड जो सहज पोखरतो, तो कमळाच्या कोवळ्या कळीत अडकून पडतो. भुंगा लाकूड पोखरतो हे ज्याने वाशाला पडलेली गोल भोके पाहिली त्यालाच सुचेल. ज्ञानेश्वरांच्या पायांखालच्या जमिनीत तो रेशमी दोरा निजला होता. त्यांना त्याची वार्ताही नव्हती. पण गळ्यातला दोरा आणि ओवीतला दाखला, दोन्ही एकाच जिवाकडून आलेले आहेत. किड्याने वस्तू दिली आणि विचारही दिला.

वारुळाबद्दल लिहिले नाही तर आमच्या भागातल्या मायबहिणी रागावतील. नागपंचमीला वारुळावर दूध-लाह्या वाहण्याची चाल सर्वांना ठाऊक आहे. आपण पूजा नागाची करतो, पण ते घर नागाने बांधलेले नसते. ते वाळवीचे बांधकाम. शतपथ ब्राह्मणात या जिवांची एक विलक्षण कथा आहे. यज्ञात श्रेष्ठ ठरलेला विष्णू गर्वाने धनुष्याच्या टोकावर डोके टेकून उभा होता. त्याच्यापुढे जायची देवांची छाती होईना. तेव्हा वम्री, म्हणजे वारुळातल्या मुंग्या पुढे झाल्या. "दोरी कुरतडली तर आम्हांला काय द्याल?" देव म्हणाले, "अन्न द्यू, आणि वाळवंटातसुद्धा तुम्हांला पाणी सापडेल." त्यांनी दोरी कुरतडली, धनुष्य उसळले, विष्णूचे मस्तक उडाले आणि ते सूर्य झाले. प्रवर्ग्य नावाच्या विधीत 'महावीर' हे जे मातीचे भांडे घडवतात, त्याच्या मातीत वारुळाची माती मिसळायची, ती या कथेमुळे.

आता हे 'वाळवंटातले पाणी' काय आहे? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालचे पाणी ओळखण्यावर एक पूर्ण अध्याय लिहिला. त्यात वारूळ ही एक मोठी खूण. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर तिच्या दक्षिण बाजूला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, अशा नेमक्या नोंदी तो देतो. वाळवीला ओलावा लागतो आणि त्यासाठी ती खोल जाते, हे तर आजचे शास्त्रही सांगते. आमच्यासारख्या कोरड्या मुलखात ज्याने विहिरीसाठी कर्ज काढले आहे, त्याला या कथेतल्या वराची किंमत समजावून सांगावी लागत नाही. कोकणात आणि गोव्यात तर वारूळच देवी झाले. तिथे त्याला रोयण म्हणतात, देवीला सातेरी म्हणतात, आणि कित्येक देवळांत वारुळावरच देवीचा मुखवटा चढवतात. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या १९७८ च्या ग्रंथात वारूळ हे भूमातेच्या गर्भाचे प्रतीक कसे, हे मोठ्या साक्षेपाने उलगडले आहे. कळसापेक्षा जुनी ही मूर्ती, आणि तिचे शिल्पकार आंधळे किडे.

शेवटी कुंभारणीकडे वळतो, कारण आमच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर तिच्यापाशी आहे. भिंतीच्या कोपऱ्यात चिखलाचे गोल घर बांधणारी ही गांधीलमाशीची बहीण. ती एक अळी आणून घरात कोंडते, तोंड लिंपते आणि काही दिवसांनी त्या घरातून दुसरी कुंभारीण उडून जाते. जुन्या लोकांनी पाहिले, अळी आत गेली आणि माशी बाहेर आली. त्यांनी निष्कर्ष काढला की अळीने माशीचे ध्यान केले आणि ती माशीच झाली. भक्त देवाचे ध्यान करता करता देवरूप होतो, याला भागवताने हा दाखला दिला आणि एकनाथांनी १५७३ साली काशीत पुऱ्या केलेल्या आपल्या भागवतात तो मराठीत नांदवला. आता आपल्याला ठाऊक आहे की कुंभारीण अळीला नांगी मारून बधिर करते, घरात स्वतःचे अंडे घालते आणि तिचे पिल्लू ती अळी खाऊन वाढते. दाखल्यातले शास्त्र चुकले. पण निरीक्षण? चिखल, अळी, लिंपलेले तोंड, मधले दिवस, बाहेर पडणारी माशी, यातला एकही दुवा सुटलेला नाही. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्या माशीला संतांनी गुरू केले ती पिकावरच्या अळ्यांची शिकारी आहे. आढ्याखालचे तिचे घर आपण काठीने पाडतो, आणि मग औषधाचा डबा विकत आणतो.

पतंगाचेही तसेच. भागवतातला पतंग रूपाला भुलतो आणि ज्योतीत पडतो. स्त्रीच्या मोहात पडलेल्या पुरुषाला त्याची उपमा दिली आहे. आज कापसाच्या शेतात जो कामगंध सापळा लावतात त्याचे तत्त्व काय? बोंडअळीच्या मादी-पतंगाचा गंध गोळीत भरून ठेवायचा. नर त्या गंधाला भुलून येतो आणि सापळ्यात अडकतो. अवधूताने जे उपमेत सांगितले ते शेतात अक्षरशः उभे आहे.

त्या वर्षानंतर मी मुलांना बोंडअळीचे चित्र एकदाच काढायला सांगणे सोडले. तिच्या आयुष्याची चित्रमाला काढायला लावली. फुलावरचे अंडे, पांढरी बारीक अळी, तिने आतून पाकळ्या गुंफून मिटवलेली डोमकळी, गुलाबी झालेली अळी, मातीतला कोश, करडा पतंग. त्यासाठी मुलांना रानात जावे लागले, डोमकळी उलगडून पाहावी लागली. एका मुलीने डोमकळी इतकी हुबेहूब काढली, की तिच्या आजोबांनी कागद हातात घेतला आणि फरदड का ठेवू नये, पुढच्या हंगामाला ही अळी त्यातच कशी टिकून राहते, हे वर्गातल्या सगळ्या मुलांना समजावून सांगितले. आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला शेती शिकवली गेली ती अशी.

म्हणून माझे उत्तर असे आहे. किडा मारायचा असो की चितारायचा असो, आधी तो पाहावा लागतो. ऋषीने इंद्रगोप पाहिला, ज्ञानेश्वरांनी कोशकीटक पाहिला, वराहमिहिराने वारूळ पाहिले. म्हणून त्यांची प्रतीके हजार वर्षे टिकली. न पाहता काढलेले चित्र निर्जीव होते, आणि न पाहता मारलेले औषध शत्रूबरोबर कुंभारणीलाही मारते, मृगाच्या किड्यालाही मारते. आमच्या रानात पहिल्या पावसानंतर ते लाल थेंब पूर्वीसारखे दिसत नाहीत. आता मुलांना इंद्रगोप शिकवायचा तर बांधावर बराच वेळ फिरावे लागते. या सुट्टीत आपल्या घरची मुले रांगोळी काढायला बसतील, तेव्हा मोर-कमळाच्या एका कोपऱ्यात त्यांना एक कुंभारीण काढायला सांगा. ती कशी दिसते हे त्यांना सांगता आले नाही, तर घराच्या आढ्याखाली, गोठ्याच्या भिंतीला, खिडकीच्या कोनात शोधायला पाठवा. तिचे घर सापडेल. आणि सापडले, तर सफेदी करताना एवढे एक ठेवून द्या.